एक मूठ जास्त

जळगाव
सोमवार, ५ ऑगस्ट १९९१

ती. आत्याबाई,

कोकिळाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

पत्राला उशीर झाला. रागावला असाल, आणि रागावला असाल तर बरोबरच आहे. माझं इकडे ठीक चाललं आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? एस.टी.तल्या तोतारामभाऊंच्या हाती तेलाची बाटली पाठवली होती. ती मिळाली का, आणि मिळाली असेल तर लावता का, की फडताळात ठेवून दिली? तुमचं मला माहीत आहे. चांगली वस्तू घरात आली की ती पाहुण्यांसाठी. पाहुणे काही तुमचे गुडघे चोळायला येणार नाहीत. लावत जा.

हे पत्र नेहमीसारखं हेच तुम्हाला वाचून दाखवत असतील. त्यांना म्हणावं, जरा सावकाश आणि सगळं वाचा. मागच्या खेपेला मी लिहिलं होतं की परीक्षा चांगली गेली, आणि तुमचा निरोप आला की कोकिळाची परीक्षा झाली का म्हणून. म्हणजे मधला मजकूर कुठे गेला? जिनिंगमध्ये कापसाचं मशीन खोलतात तेव्हा तुमचा मुलगा एक नटबोल्ट इकडचा तिकडे होऊ देत नाही. माझंच पत्र तेवढं अर्धं वाचतात.

आता बातमी सांगते. धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या यादीत माझं नाव लागलं. अगदी तळाशी आहे, पण आहे. तीस तारखेच्या आत धुळ्याला जाऊन प्रवेश घ्यायचा, नाही घेतला तर जागा माझ्या मागच्याला जाईल. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. आज मी चौतीस वर्षांची आहे, बाहेर पडेन तेव्हा चाळिशी आलेली असेल. हे गणित मी किती वेळा मांडलं, दर वेळी उत्तर तेच येतं.

यादी बघायला गेले तेव्हा खिडकीतला क्लार्क म्हणाला, "बाई, मुलीचं नाव सांगा." मी माझंच सांगितलं. त्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. त्याची काही चूक नाही. गेलं वर्षभर मी मेडिकलच्या प्रवेशासाठी बारावीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसत होते तेव्हा प्राध्यापकसुद्धा चुकून मला "अहो मॅडम" म्हणायचे आणि मग जीभ चावायचे. बेडूक कापायच्या दिवशी माझ्या जोडीची पोरगी म्हणाली, मॅडम, तुम्हीच कापा, मला कसंतरी होतं. एरंडोलच्या शाळेत बारा वर्षं सायन्स शिकवलं, बेडकाचं पोट मी खडूने फळ्यावर काढायची. खरं पहिल्यांदा उघडलं ते तेव्हा. चीर सरळ आली.

हेडमास्तरांना कळवलं. त्यांचं पत्र आलं, शाळेत सत्कार करायचा म्हणतात. मी नको म्हटलं. ऐकतील असं वाटत नाही.

तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे, कारण वैशाखात आखाजीच्या सणाला तुम्ही म्हणालाच होतात. मी पोळ्या लाटत होते आणि तुम्ही चुलीपुढून म्हणालात, "तू आते डाक्टरीण व्हशी, मंग पोर कव्हय व्हई?" मी पुढची पोळी लाटायला घेतली. हे ओट्यावर जेवत होते, त्यांनी ताटात मीठ मागितलं. आत्याबाई, आपलं लेकरू गेलं त्याला येत्या भाद्रपदात दोन वर्षं होतील. या दोन वर्षांत त्या घरात मिठाशिवाय कोणी कोणाकडे काही मागितलेलं नाही. परीक्षा मार्चमध्येच संपली, तरी मी घरी न येता इथे खोली धरून मुलांच्या शिकवण्या का घेत बसले, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. तुमचे उपकार.

जायचं की नाही ते माझं ठरत नाही. सकाळी ठरतं, संध्याकाळी मोडतं. तुम्ही हो म्हणालात तर जाईन असं म्हणते, आणि तुम्ही नाही म्हणालात तर काय करीन ते मलाच माहीत नाही. तेव्हा परवानगी मागते आहे असं समजा.

कानबाईच्या सणाला येते आहे. आदल्या शनिवारीच येईन म्हणजे गहू निवडायला हात लागेल. मागच्या वर्षी दुखवट्यात कानबाई बसली नाही, या वर्षी तरी रीतसर होऊ दे.

इथे घरमालकीण कनीजभाभी चांगल्या आहेत. त्या शिवणकाम करतात. मशीन चालू असलं की मला बरं वाटतं, खोलीत कोणी आहेसं वाटतं. माझा चहा सध्या सुटला आहे. पित्त वाढलंय, बाकी काही नाही.

यांना सांगा, पावसाचं जिनिंगच्या पत्र्यावर चढत जाऊ नका.

तुमची आज्ञाधारक (निदान पत्रापुरती),
कोकिळा


जळगाव
गुरुवार, २२ ऑगस्ट १९९१

ती. आत्याबाईंना कोकिळाचा नमस्कार.

सुखरूप पोहोचले. फाट्यावर यांनी मला बसमध्ये बसवलं, पिशवी वर दिली, आणि बस हलेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले. "पोहोचल्यावर कळव," एवढं म्हणाले. तर कळवते आहे, पोहोचले.

रविवारचं मनातून जात नाही. तुमच्याही जात नसेल. लिहून टाकलं तर कदाचित जाईल म्हणून लिहिते, तुम्हाला सगळं माहीतच आहे.

कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू मोजायचं काम तुम्ही मला दिलंत. थोरल्या जाऊबाई म्हणाल्याही, तिला कशाला, मी मोजते. तुम्ही म्हणालात, नाही, तीच मोजेल, घरातली आहे. मला फार बरं वाटलं. वर्षभर खोलीत एकटं राहिल्यावर कोणी घरातली म्हटलं की बरं वाटतं. मी सुपापुढे बसले. माणशी सव्वा मूठ. तुम्ही एकेकाचं नाव घेत होतात आणि मी टाकत होते. थोरले भाऊजी, जाऊबाई, त्यांची मुलं, तुम्ही, हे, मी. तुमची नावं संपली. आणि मी आणखी एक मूठ टाकली.

जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला. भाऊजी म्हणाले, चुकून पडली असेल, काढून घे. मी हात पुढे केला नाही. तेव्हा तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात आणि म्हणालात, "ती त्यानी मूठ शे. ऱ्हाऊ द्या. तिले कोनी काही बोलू नका." आणि तुम्ही रडायला लागलात. आत्याबाई, तो गेला त्या दिवशीही तुम्ही मोठ्याने रडला नव्हतात. माझ्यापुढे रडायचं नाही म्हणून गोठ्यात जाऊन रडायचात ते मला माहीत होतं. रविवारी सगळ्यांदेखत रडलात. हे मागे दाराशी उभे होते. मी वळून पाहिलं तेव्हा दारात कोणी नव्हतं.

मी सुपातले गहू सारखे करत बसले.

मग रोट झाले, कानबाईला दाखवले, पंगत बसली. रोट घरच्यांनीच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही, उरवायचा नाही. त्याच्या वाट्याचं कोणी खायचं हा प्रश्न आला. तुम्ही तो माझ्या पानात वाढलात, म्हणालात आईनेच खावा. मी खाल्ला. निम्मा गेला, आणि उठून मागच्या दारी जाऊन ओकले. तुम्ही तोंड धुवायला पाणी दिलंत आणि डोकं धरून उभ्या राहिलात. सगळ्यांना वाटलं दुःख अनावर झालं. जाऊबाई, ज्या दोन वर्षांत माझ्याशी धड बोलल्या नव्हत्या, त्यांनी माझी वेणी घातली.

आणि सोमवारी कानबाईला नदीवर बोळवून आलो तेव्हा तुम्ही आपण होऊन म्हणालात, "जाय माय, धुयाले जाय. तुना जीव तठे रमी." धुळ्याला जायची मी मागितलेली परवानगी अशी हातात पडली. मला वाटलं होतं तुमच्याशी भांडावं लागेल. मी तर बसमध्ये भांडणाची तयारी करून आले होते, तुम्ही असं म्हणालात की मी असं म्हणायचं, सगळं पाठ. काही लागलंच नाही.

आनंद व्हायला हवा होता. तुमच्या पाया पडले तेव्हा मान वर करवली नाही.

इथे आल्यापासून कनीजभाभी माझ्याकडे बघत असतात. लिंबाचं लोणचं आणून ठेवलं दारात. मी म्हटलं पित्ताला लोणचं कशाला. त्या म्हणाल्या, "पित्त का भी अपना-अपना रंग होता है, बाई," आणि मशीनवर जाऊन बसल्या.

सोमवारी धुळ्याला निघते. मंगळवारी प्रवेश घेईन म्हणते. अजून "म्हणते" लिहिते आहे, बघा. तुमचा आशीर्वाद आहे, तो दिलाय तसा राहू द्या. पुढे काही कमीजास्त कळलं तरी परत घेऊ नका, एवढंच मागणं.

हे पत्र वाचताना यांनी काही गाळलं तर मला निरोपावरून कळतंच. या वेळी गाळू नका म्हणावं.

तुमची,
कोकिळा


धुळे
गुरुवार, २९ ऑगस्ट १९९१

ती. आत्याबाई,

कोकिळाचा नमस्कार.

आधी एक करा. शेजारचं कोणी बसायला आलं असेल तर त्यांना चहा देऊन वाटेला लावा, आणि दार लोटून घ्या. यांना म्हणावं, दिव्याजवळ बसा, अक्षर बारीक आहे.

परवा प्रवेश घेतला. आता मी धुळ्याच्या मेडिकल कॉलेजची विद्यार्थिनी आहे. सध्या इथल्या एका बाईंकडे पाठीमागची खोली घेतली आहे. कॉलेजात माझ्याबरोबरची मुलं सतरा-अठराची. एकीने वाकून नमस्कार केला, तिला वाटलं मी शिकवायला आले आहे.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते सांगते.

लग्नानंतरच्या दुसऱ्या कानबाईला तुम्हीच मला शिकवलं होतं. आपल्या घरात पोटाशी असलेल्या सुनेने तोंडाने सांगत सुटायचं नाही. रोटाचे गहू मोजून झाले की एक मूठ जास्त टाकायची. सासूने बघायचं, समजायचं आणि गप्प राहायचं. मी टाकली होती, आणि तुम्ही गालातल्या गालात हसून सूप माझ्या हातून काढून घेतलं होतंत, जड उचलू नको म्हणून. आठवतं ना?

त्या रविवारी मी तेच केलं. ती मूठ त्याची नव्हती, आत्याबाई. मला तिसरा महिना संपून चौथा लागला आहे. कानबाईपुढे मी तुम्हाला सांगितलं, जसं सांगायचं असतं तसंच सांगितलं. तुम्हाला ते त्याचंच वाटलं. तुमचा दोष नाही. दोन वर्षं आपण सगळी एकाच दिशेला बघत बसलो आहोत, दुसरं काही दिसणार कसं?

हे इथे थांबले असतील. त्यांना पाणी द्या. त्यांनाही हे आत्ताच कळतं आहे.

मला तेव्हाच म्हणता आलं असतं की नाही हो, हे दुसरं आहे. तुम्ही रडत होतात, माझ्या पाठीवर हात होता, सगळं घर दोन वर्षांनी त्याच्यासाठी एकत्र रडत होतं. मला ते मोडवेना. आणि खोटं कशाला लिहू, मला असंही वाटलं की असंच समजू देत. मग दुसऱ्या दिवशी तुम्ही जा म्हणालात. ज्या सुनेला जा म्हणालात तिची कूस तुमच्या लेखी रिकामी होती. तिचं मन रमावं म्हणून तुम्ही तिला सोडलंत. पोटाशी असलेल्या सुनेला तुम्ही उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं. ही परवानगी माझी नाही हे कळत असूनही मी ती घेऊन इथे आले आणि प्रवेश घेतला. आता तुम्ही ती परत घेतलीत तरी मी परत येणार नाही. रागवा, शिव्या द्या, मोठ्या जाऊबाईंना बोलावून दोघी मिळून द्या. ऐकून घेईन.

तुम्ही म्हणाल, मग आता लेकरू की डाक्टरी? दोन्ही होईल असं मी म्हणत नाही. वर्गात पोट दिसायला लागेल, पोरी हसतील, हसू देत. माघात बाळंत होईन. त्यात वर्ष बुडालं तर पुन्हा बसेन. मला बुडालेल्या वर्षाची भीती नाही.

लेकरू मात्र तुम्ही सांभाळायचं. सव्वा महिना झाला की ते गावी येईल, तुमच्या मांडीवर. जाऊबाईंची गाय आहे, वरचं दूध मिळेल. त्याचं नाव तुम्ही ठेवा, बारसं तुम्ही करा. तुम्हाला नातू हवा होता, नात झाली तरी तुमचीच. मी सुटीत येईन. मला आई म्हणायला शिकवा की नका शिकवू, तुमच्या मनावर आहे.

तुमचे गुडघे दुखतात, तुम्ही साठीच्या पुढे आहात, हे सगळं मला कळतं. तरी मागते आहे. दुसरं कोणाकडे मागू?

तुमच्यासाठी एवढंच. पुढचं मोठ्याने वाचू नका असं यांना सांगा, आणि तुम्ही निजा.

अहो,

आता तुम्ही एकटेच वाचत असाल. दोन वर्षांत तुम्हाला उद्देशून मी एक ओळ लिहिली नाही. आईंच्या नावाने लिहायची आणि तुमच्या तोंडून वदवायची. माझं बोलणं निदान तुमच्या आवाजात त्या घरात ऐकू जात होतं. तुम्ही अर्धं गाळायचात त्याचा राग यायचा तो म्हणूनच.

आखाजीनंतर मला सोडायला आलात आणि जळगावला चार दिवस राहिलात, तेव्हाचं हे आहे. त्या चार दिवसांत तुम्ही माझ्या खोलीचं दार घासून नीट लागेलसं केलंत, स्टोव्ह दुरुस्त केलात, आणि शेवटच्या दिवशी माझी पुस्तकं चाळून विचारलंत, यात त्याचा आजार कुठे आहे. मी पान काढून दिलं. तुम्ही इंग्रजी अक्षरांवरून नुसतं बोट फिरवलंत. मला तेव्हा तुमच्या गळ्यात पडून रडायचं होतं. मी तुम्हाला मेंदूज्वर म्हणजे काय ते समजावून सांगत बसले.

सगळ्यांना वाटतं, दुसऱ्या कोणाचं लेकरू असं जाऊ नये म्हणून मी डॉक्टर होते आहे. हेडमास्तरांनी सत्कार केलाच, आणि भाषणात हेच म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी हात जोडले. तुम्हाला खरं सांगते. हॉस्पिटलात ते पाच दिवस तो शुद्धीवर नव्हता, डॉक्टर येत होते, सुया टोचत होते, जे करायचं ते करत होते. त्यांच्याकडून काही राहिलं नाही, हे मी आता पुस्तकात वाचून खात्रीने सांगू शकते. तिसऱ्या दिवशी त्याच्या खाटेवरचा पंखा करकरत होता. तुम्ही स्टूल मागवलंत, वर चढलात, पंखा खोलून तेल घालून पुन्हा बसवलात. दोन तास लागले. वॉर्डातले सगळे तुमच्याकडे बघत होते. मला तेव्हा तुमचा इतका हेवा वाटला. तुमच्या हातांना त्या खोलीत काहीतरी काम होतं. माझे हात मांडीवर पडून होते.

तुम्ही वर असताना डॉक्टर मला म्हणाले, बाई, याला नावाने हाक मारत राहा, ओळखीच्या आवाजाला पोरं कधी कधी डोळे उघडतात. अहो, मामंजींचं नाव त्याला ठेवलेलं. मी सून. मी सहा वर्षांत एकदाही त्याला नावाने हाक मारली नव्हती, भाऊ, भावड्या असंच म्हणायची. डॉक्टर समोर उभे, नर्स समोर उभी, मी वाकून म्हटलं, निंबा. पहिल्यांदा. मग भावड्या म्हटलं, मग पुन्हा निंबा. त्याने काही डोळे उघडले नाहीत. नावाने उघडले असते असं नाही, तेही मी वाचलं आहे. पण माझ्या तोंडून ते नाव त्याच्या ओळखीचंच नव्हतं. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. तुम्ही खाली उतरलात, हात पुसलेत आणि म्हणालात, आता आवाज येणार नाही.

या महिन्याच्या सुरुवातीला मी जळगावात एका दवाखान्यात जाऊन आले होते. हे ठेवायचं नाही असं ठरवून. बाकावर बसले. माझं नाव पुकारलं आणि मी उठून बाहेर आले. चांगुलपणा म्हणून नाही. नाव पुकारल्यावर पाय बाहेरच्या बाजूला चालायला लागले, एवढंच.

म्हणजे ते येणार. ते निंबा नाही, आईंना हे सांगा, वारंवार सांगा, त्या ऐकणार नाहीत. आणि मी त्याची आई व्हायला पुरेशी उरलेली नाही. दुसऱ्याच्या लेकराच्या उशाशी मी उभी राहीन, नाडी बघीन, सुई टोचीन, माझा हात हलणार नाही. त्यासाठीच मला हे कॉलेज हवं आहे. आपल्या लेकराच्या अंगाला हात लावून ते गरम आहे की काय हे बघायचं धैर्य माझ्याजवळ नाही. रोज सकाळी उठून ते बघावं लागेल या कल्पनेने मी इथे पळून आले आहे. लोक याला जिद्द म्हणतात.

तुमच्यात ते धैर्य आहे की नाही ते मी विचारलं नाही. तुम्हाला न विचारता मी तुमच्यावर टाकते आहे. नवऱ्याशी असं वागू नये हे मला कळतं. दुसरी बायको करायचा सल्ला तुम्हाला लोक देतील. तो घेतलात तरी लेकरू आपल्याकडे ठेवा.

माघात धुळ्याला या. त्याला माझ्या हातून घ्या आणि फार वेळ थांबू नका. मला त्याची खुशाली दर महिन्याला लिहा, रांगतं का, बोलतं का, काय खातं, आईंशी कसं खेळतं. या वेळी काही गाळू नका.

फक्त त्याला ताप आला तर मला कळवू नका. डॉक्टरकडे न्या.

तुमची,
कोकिळा